सरांनी पाहिलेलं स्थळ

मला अमरावतीत खोली मिळाली ती माझ्या स्वभावामुळे नाही आणि पगारामुळे तर नाहीच नाही. ती मिळाली 'नातेसंबंध' नावाच्या एका धड्यामुळे.

मी मूळची अकोटची. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये बुद्धिमत्ता चाचणी शिकवायला अमरावतीला आले होते. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की घरमालकांकडे नेमके गावाकडचे पाहुणे राहायला येणार असतात. अशी बरीच घरं फिरून झाल्यावर कुणीतरी मला सरांकडे पाठवलं. सर म्हणजे ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झालेले कॉमर्सचे शिक्षक. जन्मभर बुककीपिंग शिकवलेलं. शहरातल्या कितीतरी बँकांच्या काउंटरमागे त्यांचे विद्यार्थी बसलेले होते आणि सर आत शिरले की ते अजूनही अर्धे उठून उभे राहत. सरांनी मला आडनाव विचारलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. क्लासमध्ये काय शिकवता, एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "नातेसंबंध. म्हणजे 'अ' ही 'ब'ची बहीण, 'ब'चा सासरा 'क', तर 'क'ची मुलगी 'अ'ची कोण, असली गणितं."

सर खुर्चीतून उठलेच. "असा मानूस मी किती दिवसापासून शोधून राहिलो! सामान घेऊन या, मॅडम."

असा माणूस कशासाठी हवा होता, ते सामान लागल्यावर कळलं. घरं बांधणारी एक मोठी कंपनी होती. मुख्य कार्यालय लांबच्या शहरात, पण आमच्याकडेही वलगाव रस्त्याला तिची एक मोठी वसाहत उभी राहत होती. गेटवर कारंजं, आत विटा. कंपनीचे शेअर बाजारात होते, कर्जरोखेही होते, आणि सर तिचा अभ्यास करत होते. एवढ्या एकाच कंपनीचा. दुसरी कंपनी त्यांनी कधी हातात धरली नाही.

कंपनीत कुणाचा किती हिस्सा आहे हे दर तिमाहीला जाहीर करावं लागतं. तो तक्ता आला की सरांच्या घरी सण असे. मी तो क्लासच्या प्रिंटरवर छापून आणायचा, कारण पडद्यावर वाचलेला हिस्सा सरांना हिस्सा वाटत नसे. मग सर लाकडी फूटपट्टी घेऊन बसत, ती एकेका नावाखाली ठेवत आणि मला हाक मारत. कंपनीच्या मालकांत नवरा होता, बायको होती, धाकटा भाऊ, भावजय, एक ट्रस्ट, त्या ट्रस्टवर मेव्हणा, आणि देवांची नावं असलेल्या चार-दोन छोट्या कंपन्या. कोण कुणाचं कोण, हे मी सोडवून द्यायचं. माझ्या आयुष्यात 'नातेसंबंध' या धड्याचा उपयोग झालेली ही एकमेव जागा.

तक्त्यात मालक मंडळींना 'प्रवर्तक' म्हणत. या शब्दावर सरांचा फार राग. सरांच्या घरी सकाळी बुद्धवंदना होई आणि तिच्यानंतर चहा. "प्रवर्तन म्हंजे धम्मचक्राचं, सारनाथले झालं ते," ते म्हणत. "हे बिल्डर लोक कायचं प्रवर्तन करून राहिले?" म्हणून त्यांनी सगळे शब्द बदलून टाकले होते. प्रवर्तक म्हणजे वरबाप. मोठमोठे फंड आणि विमेवाले म्हणजे मानाचे पाहुणे. तुमच्या-आमच्यासारखे चिल्लर शेअरवाले म्हणजे वऱ्हाडी. वऱ्हाडात राहून हा शब्द वापरल्यावर त्यांना स्वतःलाच हसू येई. "वऱ्हाडी काय करते? येते, बुंदी चांगली होती का नाही ते सांगते, अन् घरी जाते. वरबापाच्या घरात काय चाललं ते त्याले कोनी सांगत नाही."

आणि रोखेवाला? रोखेवाला म्हणजे बिछायतवाला. आमच्याकडे लग्नाला मांडव, खुर्च्या, सतरंज्या, भांडी भाड्याने देतो तो बिछायत केंद्रवाला. सरांच्या मते जगातला सगळ्यात शहाणा माणूस तोच. नवरा-नवरीचं पटो न पटो, वरबापाची अब्रू राहो न राहो, बिछायतवाला ठरलेल्या दिवशी येतो, ठरलेलं भाडं घेतो, आपल्या खुर्च्या मोजून टेम्पोत टाकतो आणि जातो. "त्याचा जीव नसते गुंतलेला," सर सांगत. "मानसानं राहावं तं बिछायतवाल्यासारखं राहावं."

आता एवढा अभ्यास असलेल्या माणसाकडे शेअर किती असावेत? एकही नाही. रोखे? तेही नाहीत. डीमॅट खातं मात्र होतं. त्यात काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याची वर्षाची फी सर वेळेवर भरत. सरांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. त्या भाकरी थापता थापता मला सांगायच्या, "रिकाम्या कोठीचं भाडं भरून राहिले हे. जल्मात एक शेर घेतला नाही यायनं. पोरी, हा मानूस हाटेलात जाऊन मेनू वाचते अन् घरी येऊन जेवते."

सर ऐकून न ऐकल्यासारखं करत. फूटपट्टी एका ओळीने खाली सरकवत.

लोक मात्र सल्ल्याला यायचे. निवृत्त मंडळी, बहुतेक सरांच्याच ओळखीची. कंपनीच्या रोख्यांवर बँकेपेक्षा जास्त व्याज आहे, एजंट घरी येऊन गेला, काय करू? असेच एक निवृत्त पोस्टमास्तर आले होते. त्यांनी विचारलं, "सर, रोखे म्हंजे रोखच ना?"

"रोखे म्हंजे रोख गेली, त्याची पावती," सर म्हणाले.

पोस्टमास्तर घाबरले. मग सरांनी त्यांना धीर दिला, की हे रोखे सुरक्षित आहेत, मागे जमीन तारण आहे. पोस्टमास्तर खुलले. मग सरांनी त्यांना सांगितलं, की जमीन तारण असते तेव्हा ती विकायला जी वर्षं लागतात ती आपल्या वयातून वजा होतात. ते पुन्हा घाबरले. वरबापाचे शेअर किती गहाण आहेत, मानाचे पाहुणे का उठून चालले, हे सगळं ऐकून झालं. शेवटी ते म्हणाले, "मंग घेऊ का नको?"

सरांनी चष्मा काढला. प्रत्येकाला दिलेला निकाल त्यांनाही दिला. "स्थळ चांगलं आहे. पन घाई नाही."

कंपनीला सर नेहमी 'स्थळ' म्हणत. आणि घाई त्यांना कशाचीच नव्हती. पोस्टमास्तर गोंधळून गेले आणि सरळ एजंटाकडे गेले, कारण एजंट निदान एका बाजूने तरी बोलत होता.

स्थळ या शब्दाचा दुसरा अर्थही सरांच्या घरात रोजचा होता, कारण मुलीचं लग्न व्हायचं होतं. मुलगी अकोल्याच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायची, सोमवारी पहाटे जायची. हसरी, पण बापासारखीच हट्टी. सरांच्या घरात पत्रिका कधी आलीच नाही, गुण-गोत्र कुणी काढलं नाही, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. पण पत्रिकेची जागा रिकामी राहिली नव्हती. तिथे ताळेबंद येऊन बसला होता.

एका मुलाच्या वडिलांचं मोठं दुकान होतं. सरांनी चौकशी केली, भावाभावांत वाटणी झाली नव्हती. "हिस्सेच पडले नाहीत अजून. कोनाचं काय, कोनाले माहीत?" नको. दुसऱ्याचं नवं घर होतं, त्यावर बँकेचं कर्ज. "तारण आहे." नको. तिसऱ्याकडे कर्जाचा कण नव्हता. मला वाटलं, आता जमलं. सर म्हणाले, "ज्याले कोनी कर्जही देत नाही, त्याले मी पोरगी देऊ?"

मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, मंग मले लिलावात काढा!"

तर अशा दिवसांत एकदा सर मला म्हणाले, "मॅडम, तुमची स्कूटी काढा. गहाण जमीन पाहून येऊ." रोख्यांच्या कागदात तारण म्हणून वलगाव रस्त्याच्या वसाहतीची जमीन दाखवली होती. ती जागेवर आहे का, हे सरांना पाहायचं होतं. जमीन कुठे जाणार, असं मी विचारलं. ते मागे बसलेसुद्धा होते.

गेटवर वॉचमनने अडवलं. "फ्लॅट पाहाचा आहे का, साहेब?"

"नाही. घर पाहायले आलो."

"घर म्हंजे फ्लॅटच ना जी."

"फ्लॅट घेनाऱ्याले फ्लॅट. मले घराणं पाहायचं आहे."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, म्हणजे हे असेच आहेत, सोडा आत. सर मुलीसाठी घर पाहायला जावं तसे आत फिरले. बोअरला पाणी किती, ते विचारलं. नमुन्याचा फ्लॅट उघडायला लावला आणि सोफ्यावरून बोट फिरवून धूळ पाहिली. सिमेंटचे मिक्सर किती आणि फिरणारे किती, ते पाहिलं. एक इमारत झाली होती. दुसरीच्या नुसत्या सळया वर आल्या होत्या आणि त्यांवर कामगारांचे कपडे वाळत होते.

तेवढ्यात साइटवरचा इंजिनिअर आला. काळासावळा, किडकिडीत, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्याने आधी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, मग पाणी, आणि मग कोण आपण हे विचारलं. सरांना तो क्रम आवडला.

"ही जमीन रोखेवाल्यायकडे गहाण आहे, माहीत आहे का तुमाले?" सरांनी विचारलं.

"ऐकून आहो, सर. मले तं सिमेंट कधी येते तेवढंच माहीत असते."

"कधी येते?"

"येऊन नाही राहिलं."

परत येताना सर स्कूटीवर मागून माझ्या कानात ओरडून सांगत होते, "वार्षिक अहवालात इतकं खरं वाक्य मी आजपर्यंत वाचलं नाही. पोरगा खोटं बोलला नाही, मॅडम!" कंपनीतला एक खरा माणूस सापडल्याचा त्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी वाटेत थांबून मला गिलावडा खाऊ घातला. सरांनी कुणाला काही खाऊ घातल्याची ही पहिलीच वेळ, असं काकू नंतर म्हणाल्या.

आणि सरांनी त्या मुलाला रविवारी चहाला बोलावलं, काही शंका विचारायच्या होत्या म्हणून. तो आला. पुढच्या रविवारीही आला. शंका संपेनात. सर त्याला विचारत, सळया कुणाकडून येतात, ठेकेदाराचं बिल किती दिवसांनी निघतं, पगार वेळेवर होतो का. तो खरं ते सांगे. चहा मुलगी आणायची. पहिल्या रविवारी ती कप ठेवून गेली. दुसऱ्या रविवारी दाराशी उभी राहिली. मग तीही बसायला लागली आणि तिला सिमेंटमध्ये रस वाटायला लागला. काकूंना कळलं, मला कळलं, गच्चीवर पापड वाळवणाऱ्या शेजारणीलाही कळलं. सर फूटपट्टी लावून कंपनीचा हिस्सा वाचत होते.

मग एका रविवारी दुपारी मुलीने सांगून टाकलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते, उठून जायला हवं होतं, उठले नाही. "बाबा, मले याच्यासोबत लग्न करायचं आहे."

तो मुलगा खुर्चीच्या टोकावर अवघडून बसला होता. अकोल्याचा, वडील वारलेले, घरी आई. सर उठले. आत गेले आणि कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "यायच्या वरबापाचे किती शेअर गहाण आहेत, पाह्य."

"बाबा, मी कंपनीसोबत लग्न करून नाही राहिली."

"रोख्यायची पत दोनदा खाली आली. मानाचे पाहुणे उठून चालले. अन् तू त्या मांडवात जातो म्हनतं?"

"मंग त्या कागदात याचं नाव दाखवा. कुठी आहे?"

मला वाटलं आता सर हसतील. सरांनी फूटपट्टी घेतली आणि खरोखर शोधायला लागले. नवरा, बायको, भाऊ, ट्रस्ट, मेव्हणा. शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्यावर ते म्हणाले, "एका टक्क्याच्या खाली असलं तं नाव देत नाहीत."

तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, माह्याजवळ एकही शेअर नाही. मी नुसता नोकरीवर आहो."

"मंग तं आनखीनच वाईट! जिथं राबतं तिथं हिस्सा नाही!"

काकूंनी कपाळावर हात मारला. मुलगी मात्र आता हसत नव्हती. सर तिला समजावायला लागले. आवाज खाली आणून, वर्गातल्या मंद पोराला समजावावं तसं. "बेटा, मी तुले लहानपनापासून काय सांगतो? बिछायतवाल्यासारखं राहावं. ठरलेलं घ्यावं, ठरल्या दिवशी निघावं. जीव गुंतवू नये."

"मी रोखे नाही घेऊन राहिली, बाबा," ती म्हणाली. "मी हिस्सा घेऊन राहिली. बुडाला तं बुडाला."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता नेहमीचं येणार. पण ते म्हणाले, "स्थळ चांगलं नाही." आणि तिथेच थांबले. त्यापुढे 'पण' आलं नाही. मुलगी त्याच संध्याकाळी अकोल्याला निघून गेली, सोमवारची वाट न पाहता.

त्यानंतर ती आली नाही. तो मुलगाही नाही. रविवारी सर दोन कप मागवायचे आणि मग एक परत पाठवायचे. आणि पुढच्या काही महिन्यांत, काय सांगू, सरांचंच खरं झालं. कंपनीने रोख्यांच्या व्याजाची तारीख चुकवली. शेअर कोसळला. वलगाव रस्त्यावरचं कारंजं बंद पडलं. पोस्टमास्तर डोक्याला हात लावून बसले, त्यांच्यासारखे आणखी कितीतरी. आणि सरांना भाव आला. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. सरांनी वेळीच सावध केलं होतं, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले. वास्तविक सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं ते 'स्थळ चांगलं आहे, पण घाई नाही' असं. पण बुडाल्यावर लोकांना त्यातला उत्तरार्ध तेवढा आठवत होता. सरही सोयीने तेवढंच आठवत होते. न झालेल्या नुकसानाबद्दल शाल आणि श्रीफळ मिळालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

सर शाल पांघरूनच घरी आले. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. "पोरीचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "साइट बंद झाली. त्याची नोकरी गेली." मग शालीकडे पाहून म्हणाल्या, "घ्या. तुमचं बरोबर आलं."

सरांनी शालीची घडी घातली. ती घडी काही केल्या नीट बसेना. मला त्या वेळी त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू. चीडच आली होती.

मुलीने परस्पर ठरवलेली लग्नाची तारीख तरीही बदलली नाही. अकोल्याच्या विहारात, साधं लग्न, मोजकी माणसं. मुलाने एका ठेकेदाराकडे मिळेल ते काम धरलं होतं. काकू चार दिवस आधीच अकोल्याला गेल्या. जाताना सरांना काही विचारलं नाही, फक्त डब्यात चकल्या आहेत एवढं सांगितलं. सर म्हणाले, मला अभ्यास आहे. बुडालेल्या कंपनीचा कसला आलाय अभ्यास, पण म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी नव्या तिमाहीचा तक्ता आला. मी नेहमीसारखा छापून आणला. सणासारखं काही वाटत नव्हतं. घर रिकामं, ओट्यावर सकाळचे कप तसेच. सरांनी फूटपट्टी पहिल्या ओळीवर ठेवली आणि ती बराच वेळ हलवली नाही. ज्यांनी शेअर गहाण ठेवून घेतले होते त्यांनी ते विकून टाकले होते. उरलेसुरले मालकाने स्वतःच विकले होते. जो हिस्सा सर इतकी वर्षं मोजत आले होते, त्यातलं नावापुरतं काही उरलं होतं.

"पळाला," सर म्हणाले. "वरबाप मांडवातून पळाला, मॅडम. वऱ्हाडी बसले आहेत, बिछायतवाला बोंबलून राहिला, अन् हा मागच्या दारानं गेला. असा कसा बाप म्हनावं याले? स्वतःच्या घरचं कार्य सोडून जाते?"

मला राहवलं नाही. "आणि नवरीचा बाप कुठं आहे, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. खोली खाली करायला सांगतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी कागद उलटा ठेवला, फूटपट्टी त्यावर ठेवली आणि आत गेले. थोड्या वेळाने आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि नंतर इस्त्रीचा वास.

सकाळी लग्नाला जायला मी बॅग घेऊन खाली उतरले तर सर फाटकाशी उभे. पांढरा सदरा, पांढरी पँट, हातात पिशवीत ती शाल. "अकोल्याची गाडी कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहेत की दिवसभर. तुम्हाला काय घाई?" मीही सोडलं नाही.

"चाला," ते म्हणाले. "ऑटो बोलवा."

गाडीत ते खिडकीशी बसले. मूर्तिजापूरला म्हणाले, "पोरगा खोटं बोलत नाही. ते मी पाह्यलं होतं. मंग मी काय वाचत बसलो, मॅडम?" उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी स्वतःच द्यावं असं मला वाटत होतं.

विहारात पोचलो तेव्हा वंदना सुरू झाली होती. विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत छोटा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या. सर पुढे गेले नाहीत. सगळ्यात मागच्या रांगेत, मुलाकडच्या कुणा पाहुण्यांच्या शेजारी बसले. शेजारच्याने विचारलं, तुम्ही कोणाकडून? सर म्हणाले, "वऱ्हाडी आहो." मुलीने त्यांना पाहिलं. पांढऱ्या साडीत ती फार सुंदर दिसत होती. तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं, की तिला आता समोरचं काहीही दिसत नाहीये. सरांनी सगळ्यांबरोबर फुलं टाकली. सगळ्यांबरोबर जेवले. बुंदीबद्दल काही बोलले नाहीत.

जेवणं उरकली, माणसं पांगली. आता सर उठतील आणि गाडी पकडतील, असं मला वाटलं. त्यांचं तत्त्वज्ञान तेच सांगत होतं. ते उठले नाहीत. तेवढ्यात बिछायतवाल्याचा टेम्पो आला. पोट सुटलेला, कानावर पेन खोचलेला माणूस. त्याची माणसं खुर्च्या एकावर एक चढवायला लागली आणि तो मांडवाच्या मध्यभागी येऊन म्हणाला, "बिल कोनाच्या नावानं करू?"

नवरदेव पुढे झाला. मुलाचे एक काका होते, ते नेमके त्याच वेळी मोबाइल पाहायला लागले. नवरदेवाने खिशात हात घातला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, की तो मनातल्या मनात काहीतरी जुळवतो आहे. काकू जागच्या जागी थिजल्या होत्या. मुलगी नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

मागच्या रांगेतली एकच खुर्ची उरली होती, ज्यावर सर बसले होते. ते उठले. चष्मा लावला. "अर्धं माह्या नावानं करा," ते म्हणाले.

बिछायतवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी कोन जी? तुमी तं वऱ्हाडी ना? मागं बसले होते."

"होतो," सर म्हणाले. "आता हिस्सेदार आहो."

मुलीने तोंडावर हात ठेवला होता आणि ती रडत होती, मोठ्याने. सरांनी पिशवीतून शाल काढली, तिची घडी पुन्हा विस्कटली होती, तशीच ती जावयाच्या खांद्यावर टाकली. त्यालाही काय करावं ते कळेना, त्याने वाकून पाया पडायचा प्रयत्न केला आणि शाल खाली पडली. काकू माझ्या शेजारी पदराने डोळे पुसत होत्या. "घेतला," त्या म्हणाल्या. "जल्मात पयला शेर घेतला यायनं. तोही सारं बुडाल्यावर."

बिछायतवाला घाबरून गेला. त्याला वाटलं, आपण विचारलं म्हणून रडारड झाली. तो हात जोडून म्हणाला, "राहू द्या जी, साहेब. घरचे मानसं आहा. उद्या-परवा पाठवले तरी चालते. काही घाई नाही."

"नाही," सर म्हणाले. "घाई आहे. मले लय उशीर झाला."